घोड्यावरचं ओझं सारखं एका बाजूला कलतंय? तंग आवळण्याआधी हे तपासा

सकाळी ओझं नीट चढवलं. मागून बघितलं तेव्हा खोगीर पाठीच्या मधोमध होतं. निघालात, आणि अर्ध्या तासात उजवी पेटी चार बोटं खाली आलेली दिसली. थांबून खोगीर ढकललं, तंग (खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा) आणखी एक भोक आवळला, पुन्हा चालायला लागलात. पुढच्या चढावर तेच. दुपारपर्यंत असं पाच वेळा झालं. आता तंगाला हात लावला की घोडा कान मागे पाडतो, पोट फुगवतो, एखाद्या वेळी तोंड वळवून चावायलाही येतो.

सामान घोड्यावर लादून रस्ता संपतो त्याच्या पुढे, डोंगरात किंवा जंगलात काही दिवसांसाठी जायला शिकताना हा त्रास हमखास होतो. त्यावर नवशिक्याला दोन उपाय सुचतात. तंग आवळायचा, नाहीतर हलक्या बाजूच्या पेटीत एखादा दगड टाकायचा. दोन्हीने तासभर बरं वाटतं, म्हणूनच ते वाईट. मूळ कारण तसंच राहतं, आणि त्याची किंमत घोड्याची पाठ मोजते. पाठ एकदा सोलवटली की ती भरून यायला आठवडे जातात. तेवढा काळ त्या घोड्यावर काहीच लादता येत नाही.

तंग आवळून हे का थांबत नाही, ते आधी समजून घेऊ. घोड्याचं धड पिंपासारखं गोल असतं. त्या पिंपावर खोगीर टिकतं ते दोन्ही बाजूंचा तोल सारखा असल्यामुळे. तंगाचं काम खोगीर पाठीला लागून ठेवणं, चालताना होणारी बारीक हालचाल आवरणं एवढंच. एका बाजूला सतत जास्त ओढ असेल, तर प्रत्येक पावलाला खोगीर केसभर सरकतं. तासाभरात पावलं हजारोंनी होतात, आणि केसभराचं चार बोटं कसं होतं ते कळतही नाही. तंग जास्त आवळला तर सरकणं उशिरा होतं, पण पुढच्या पायाच्या कोपरामागची कातडी घासते. शिवाय कललेल्या खोगिराची एक कड पाठीच्या कण्याकडे सरकून तिथे रुतते. चढलेल्या बाजूला, जिकडे आपलं लक्षच नसतं, तिकडे जखम होते.

आधी बघा: कधी सरकतं आणि कुठे

कुठलाही पट्टा सोडण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. उत्तरांवरून निम्मं निदान होतं.

निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत एकदाच ढिलं झालं आणि परत आवळल्यावर दिवसभर टिकलं, तर काहीच बिघडलेलं नाही. तंग बांधताना घोडा श्वास भरून छाती फुगवतो, चालायला लागला की सोडतो, आणि गादीही तेवढ्यात दबते. म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा तपासणं हा रोजच्या कामाचाच भाग आहे. ते करायला कंटाळू नका.

हळूहळू आणि दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल, तर तोलाचा प्रश्न आहे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं डुलत असेल, तर वर फार सामान चढवलंय किंवा घोड्याची पाठ गोल आहे. पहिले दोन दिवस ठीक आणि तिसऱ्या दिवसापासून त्रास, तर पेट्यांतलं काय काय संपलं ते बघा. उतारावर पुढे आणि चढावर मागे जात असेल, तर ते वेगळंच दुखणं आहे, त्याकडे पुढे येतो.

आणि मग ही चाचणी करा, कारण सगळ्यात जास्त उत्तर हीच देते. पेट्यांची अदलाबदल करा. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. आत काही हलवू नका, वर काही बदलू नका. आता सरकण्याची बाजू बदलली, तर दोष ओझ्यात आहे. बाजू तीच राहिली, तर दोष ओझ्यात नाही. मग तो खोगिरात असेल, घोड्याच्या शरीरात असेल किंवा बांधणाऱ्यात असेल. त्यापुढची पायरी म्हणजे तेच खोगीर, तेच ओझं दुसऱ्या घोड्यावर घालून बघणं.

मी हे शिकलो ते एका तांबड्या घोडीमुळे. तिचं खोगीर रोज डावीकडे जायचं. पेट्या बदलल्या, तरी डावीकडे. दुसऱ्या घोड्यावर तेच खोगीर घातलं, तरी डावीकडे. दुसरं खोगीर आणलं, तरीही डावीकडे. शेवटी सोबतच्या एका अनुभवी माणसाने मला बांधताना मागे उभं राहून पाहिलं आणि दोष लगेच दाखवला. मी तंग नेहमी डाव्या बाजूने आवळत होतो, आणि पट्टा वर ओढताना जोर स्वतःकडे लावत होतो. दर आवळण्याला खोगीर आणि खालची गादी दोन बोटं माझ्याकडे यायची. मी समोर उभा असल्यामुळे ते मला दिसायचं नाही, आणि घोडी निघायची ती मुळात डावीकडे कललेलं ओझं घेऊनच. तेव्हापासून मी तंग एका झटक्यात आवळत नाही. थोडा आवळतो, घोड्याच्या मागे सुरक्षित अंतरावर जाऊन बघतो, खोगीर दोन्ही हातांनी धरून मध्यावर आणतो, मग पुढचा टप्पा. कुणी सोबत असेल तर पलीकडून खोगीर धरायला सांगतो.

मागून बघताना खोगिराचा मध्य आणि शेपटीचं मूळ एका रेषेत यायला हवं. नजर त्यावर बसवा. डोक्याकडून बघून हे नीट कळत नाही, कारण घोडा मान वळवत असतो.

वजन मोजायचं, अंदाज करायचा नाही

चाचणीत दोष ओझ्याचा निघाला, तर हुकाचा काटा काढा. हा लहानसा काटा सामानात असायलाच हवा. त्याच्याशिवाय निघणं म्हणजे रोज नशिबाची परीक्षा बघणं. हातात उचलून "सारखंच वाटतंय" म्हणणाऱ्याचा अंदाज तीन-चार किलोंनी सहज चुकतो. दमल्यावर तर आणखी चुकतो. दोन्ही पेट्यांतला फरक अर्ध्या किलोच्या आत आणा. एक किलो ही शेवटची हद्द समजा.

एकूण किती लादायचं याचा ढोबळ नियम असा: खोगीर, गादी, दोर सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत. ४५० किलोच्या घोड्यावर ९० किलो. त्यातले पंधरा-वीस किलो खोगीर आणि त्याच्या पट्ट्यांचेच जातात, म्हणजे सामान उरलं साधारण ७० किलो. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये स्वारीच्या ८ घोड्यांवर एक अभ्यास झाला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांना शरीराच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन देऊन चालवलं. २० टक्क्यांपर्यंत त्यांना फारसा त्रास झाला नाही, २५ आणि ३० टक्क्यांना स्नायूंचं दुखणं आणि आखडणं वाढलेलं दिसलं. ते वजन स्वाराचं होतं, हे लक्षात ठेवा. स्वार घोड्याबरोबर अंग हलवतो, वळणावर तोल सावरतो. पेटी यातलं काही करत नाही. म्हणून सामानासाठी मी २० टक्क्यांच्याही खाली राहतो. वाट चढाची असेल, घोडा म्हातारा किंवा नवीन असेल तर आणखी कमी.

इतकं करूनही ओझं कलतं, अशी तक्रार येते. दोन्ही पेट्या काट्यावर तंतोतंत तीस किलो, तरी उजवी खाली जाते. इथे काटा पुरत नाही, कारण तो फक्त वजन सांगतो. पेटी घोड्याच्या मध्यरेषेपासून किती लांब लटकते, हे त्याला कळत नाही.

समजा डाव्या पेटीचा भार मध्यरेषेपासून ३५ सेंटीमीटरवर आहे. उजवीत तंबू कसाबसा कोंबलाय, ती बाहेर फुगली आहे आणि तिचा भार ४५ सेंटीमीटरवर गेलाय. उजवीची ओढ तीस गुणिले पंचेचाळीस, म्हणजे १३५०. डावीची तीस गुणिले पस्तीस, म्हणजे १०५०. डावीला बरोबरी करायची तर तिच्यात ३८ किलोंहून जास्त भरावं लागेल. काट्यावर शून्य फरक, आणि घोड्याच्या पाठीवर आठ किलोंचा! लहान मुलांची सीसॉ आठवा. दोन सारख्या वजनाच्या मुलांपैकी एक टोकाला बसला आणि दुसरा मध्याजवळ, तर फळी टोकाच्या बाजूलाच खाली जाते.

म्हणून पेटी भरताना जड वस्तू तळाशी आणि घोड्याच्या अंगाकडच्या बाजूला ठेवा. हलकं, फुगीर सामान बाहेरच्या बाजूला. पण अंगाकडच्या बाजूला काही टोकदार राहता कामा नये. स्टोव्हचा पाय, भांड्याचा कान, कुऱ्हाडीचा दांडा बरगडीवर टोचत राहिला तर घोडा दिवसभर त्या बाजूने अंग चोरून चालतो, आणि मग तोल बिघडायचं आणखी एक कारण तयार होतं. दोन्ही पेट्या आकारानेही जोडीच्या असाव्यात. एका बाजूला प्लास्टिकची कडक पेटी आणि दुसरीकडे कापडी गोणी, असं कधीच करू नका. पाण्याचा डबा एक तर काठोकाठ भरलेला, नाहीतर रिकामा. अर्ध्या डब्यातलं पाणी प्रत्येक पावलाला हिंदकळतं. त्याने पेटीला झोके बसतात, आणि आवाजाने घोडा बुजतो ते वेगळं.

दगडाबद्दलही इथेच सांगतो. वाटेत अगदी नाइलाज झाला, तर हलक्या पेटीत दगड घालून पुढच्या थांब्यापर्यंत जायला हरकत नाही. पण थांब्यावर तो काढा आणि सामान पुन्हा वाटा. त्या दगडाचं वजनही घोडाच वाहतोय. काही जण फेरी संपेपर्यंत तो दगड विसरून जातात. वर "लागेल कदाचित" म्हणून घेतलेली खोगीरभरती असतेच. निघण्याआधी सामान जमिनीवर मांडा आणि मागच्या फेरीत ज्याला हातही लागला नाही ते बाजूला काढा. औषधांची पेटी आणि दुरुस्तीचं सामान तेवढं अपवाद.

तिसऱ्या दिवशीच का बिघडतं

पहिल्या दिवशी काट्यावर तोललेल्या पेट्या तिसऱ्या दिवशी त्याच राहत नाहीत. शिकणाऱ्यांच्या ध्यानात हे सहसा येत नाही. एका पेटीत माणसांचं अन्न किंवा घोड्याचा खुराक, दुसऱ्या पेटीत भांडी, दोर, हत्यारं. खुराक रोज कमी होतो, हत्यारं तेवढीच राहतात. रोज चार किलो खुराक जात असेल, तर तिसऱ्या सकाळी एक बाजू आठ किलोंनी हलकी. मालक मात्र पहिल्या दिवशी तोललंय या भरवशावर असतो आणि तंगाला दोष देतो.

उपाय दोन. संपणाऱ्या वस्तू सुरुवातीपासूनच दोन्ही पेट्यांत अर्ध्या-अर्ध्या वाटा आणि रोज दोन्हींतून सारखं काढा. आणि काहीही झालं तरी रोज सकाळी पेट्या तोला. पाच मिनिटांचं काम आहे.

याची दुसरी बाजू म्हणजे पाऊस. रात्री भिजलेला तंबू किंवा जाड कापडाची ताडपत्री सकाळी काही किलोंनी जड झालेली असते. ती पेटीच्या आत न घालता वर मध्यावर घडी करून ठेवावी, म्हणजे वाढलेलं वजन एका बाजूला जात नाही आणि दिवसभरात ती वाळतेही.

चौथ्या-पाचव्या दिवशी घोड्याचं पोटही थोडं आत जातं. सपाट कुरणातून येऊन रोजची चढउतार सुरू झालेल्या घोड्याचा तंग एखादं भोक पुढे जाणं साहजिक आहे. ते सरकण्याच्या तक्रारीत धरू नका.

वरचा बोजा

दोन पेट्यांच्या मध्ये, वर, झोपायच्या पिशव्या आणि हलकं सामान ठेवतात. तिथे उंच ढीग झाला की सगळं ओझं वर जड होतं, आणि आडव्या उतारावर, म्हणजे वाट डोंगराच्या कुशीतून जाते तिथे, ते दरीकडे झुकतं. वरचा बोजा रुंद, बुटका आणि दहा-बारा किलोंच्या आत ठेवा. त्यात कडक वस्तू नको. ओझं बांधून झाल्यावर खोगिराचा वरचा भाग धरून हळू हलवा. ओझ्याबरोबर घोड्याचं अंगही डुललं आणि सोडल्यावर सगळं जागेवर आलं, तर बांधणी चांगली. ओझं एकटंच हललं, घोडा स्थिर राहिला, तर दोर ढिला आहे.

गादी, खोगीर आणि त्यांची जागा

खोगीर थोडं पुढे टाकून केसांच्या दिशेने मागे सरकवत जागेवर आणा, म्हणजे खालचे केस सपाट राहतात. ते खांद्याच्या हाडामागे बसायला हवं. घोडा पाऊल टाकतो तेव्हा खांद्याचं हाड मागे फिरतं. खोगीर त्यावर चढलं असेल, तर प्रत्येक पाऊल त्याला धक्का देतं. मागच्या बाजूला खोगिराचा भार बरगड्यांच्या आत राहावा. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटच्या जोडीच्या मागे कमरेला खालून कशाचा आधार नाही, तिथे भार देऊ नये.

गादी जाड आणि लोकरीच्या नमद्याची असेल तर चांगली पकडते. गुळगुळीत कृत्रिम कापडाची, घाम पिऊन ओली झालेली किंवा धुळीने कडक झालेली गादी घसरते. खोगीर ठेवल्यावर गादी मधल्या रेषेवर थोडी वर खेचून खोगिराच्या पोकळीत चढवा, म्हणजे कण्यावर हवेची फट राहते. ही फट नसेल तर तंग आवळल्यावर गादी खांद्यांमधल्या उंचवट्यावर ताणून बसते आणि तिथेच पहिली जखम होते. गादी घालण्याआधी खरारा नीट करा. एक काटा, एक गवताची काडी पुरे होते.

ओझ्याच्या खोगिराचे दोन प्रकार जास्त भेटतील. सॉबक म्हणजे लाकडाच्या दोन फुल्या, त्यांच्यावर पेट्यांचे पट्टे अडकवायचे. डेकरला फुल्यांच्या जागी धातूच्या दोन कमानी असतात, आणि त्यांना दोराने सामानाचे गठ्ठे टांगतात. सॉबकला बहुधा दोन तंग असतात. मागचा तंग पुढच्यापेक्षा ढिला ठेवावा आणि दोन्हींना पोटाखाली जोडणारी पट्टी असायलाच हवी. ती नसेल तर मागचा तंग कुशीत सरकतो, आणि शांत घोडाही लाथा झाडतो. शिकायला मला सॉबक आणि कडक पेट्यांची जोडी सोपी वाटते. डेकरवर गठ्ठे टांगणं जास्त उपयोगी आहे, कारण कुठलाही आकार बांधता येतो, पण हात बसायला वेळ लागतो.

पेट्या चढवताना दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी एकदम चढवाव्या. एकट्याने आधी एक पेटी अडकवली की खोगीर त्या बाजूला ओढलं जातं. दुसरी चढवेपर्यंत ते दोन बोटं सरकलेलं असतं आणि तसंच राहतं. एकटे असाल तर पहिल्या पेटीला खालून दुबेळक्याच्या काठीचा टेकू द्या, दुसरी चढवा, मग मागे जाऊन मध्य तपासा. उतरवतानाही हीच काळजी.

पुढे-मागे सरकणं

उतारावर ओझं मानेकडे येतं, चढावर शेपटीकडे जातं. हे तंगाने अडवायचं काम नाही. त्यासाठी मागच्या मांड्यांमागून जाणारा रुंद पट्टा असतो, त्याला ब्रिचिंग म्हणतात, आणि पुढे छातीपट्टा. ब्रिचिंग सपाटीवर सैल हवं, उतारावर भार घेणारं. फार घट्ट असेल तर दर पावलाला मांडी घासते. फार सैल असेल तर ओझं आधी बोटभर धावतं आणि मग झटका देतं. पट्ट्यामागे हाताचा तळवा उभा सहज जाईल एवढी ढील मी ठेवतो आणि घोड्याला चार पावलं चालवून बघतो. छातीपट्टा नरड्यावर चढता कामा नये आणि खांद्याच्या सांध्यावर घासता कामा नये. काही ठिकाणी ब्रिचिंगऐवजी शेपटीखालची दुमची वापरतात. जड ओझ्याला मी ती टाळतो, कारण सगळा भार शेपटीच्या मुळाच्या नाजूक कातडीवर येतो.

घोड्याची पाठच गोल असेल

खोगीर बदललं, माणूस बदलला, तरी एकाच घोड्यावर सरकतं, तर त्या घोड्याकडे बघा. खांद्यांमधला उंचवटा जवळपास नसलेली, रुंद, सपाट पाठ असेल, तर खोगिराला अडायला जागाच नाही. अशा घोड्यावर तोलाची चूक अजिबात खपत नाही. त्याच्यावर सामान कमी, वरचा बोजा शून्य, आणि वाट त्यातल्या त्यात सपाट द्या. काही घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. मग बारीक बाजूला गादीखाली पातळ घडी देऊन बघता येतं. पण लंगडणं, कातडी आकसून घेणं, पाठीवर बोटं दाबल्यावर पाठ खाली झुकवणं यातलं काही दिसलं, तर गादीची घडी हा उपाय नाही. पशुवैद्याला दाखवा.

दोर आणि गाठी

मनिला दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल होतो. पावसात बांधलेलं ओझं दुपारच्या उन्हात ढिलं का पडलं, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, भिजल्यावर आणखी. पॉलिएस्टर कमी ताणतो, म्हणून वरून आवळायच्या दोराला तो मला बरा वाटतो. त्या दोराची लांबी साधारण १२ मीटर असू द्या. सुरुवातीला बॉक्स हिच ही दोराची बांधणी शिका. पेट्या अंगाशी धरून ठेवायला तो पुरतो. डायमंड हिच चारही कोपऱ्यांवरून ओढ मध्यावर आणतो, वर सामान असेल तेव्हा तो कामाचा.

एक गोष्ट मात्र सोडू नका. शेवटची प्रत्येक गाठ सुरगाठ हवी, टोक ओढलं की सुटणारी. ओल्या, ताणलेल्या दोराला निरगाठ मारलेली असेल आणि घोडा अडकला असेल, तर ती सोडवायला वेळ मिळत नाही.

ओझं पोटाखाली गेलंच तर

म्होरकीचा दोर धरून घोड्याच्या डोक्याजवळ, खांद्याशी उभे राहा, मागे जाऊ नका. हळू आवाजात बोलत राहा. दुसरं कुणी असेल तर त्याने काम करावं. आधी वरचा दोर सोडा, मग पेट्या, मग छातीपट्टा आणि ब्रिचिंग, मग मागचा तंग, आणि सगळ्यात शेवटी पुढचा तंग. हा क्रम उलटा झाला, म्हणजे तंग आधी सुटला, तर खोगीर छातीपट्ट्याला लटकून पायांत येतं आणि घोडा पळतो. रोज खोगीर उतरवतानाही हाच क्रम ठेवा, म्हणजे घाईतही हात तिकडेच जातात. कमरेला धारदार सुरी असू द्या. घोडा पडला असेल, दरीकडे ओढला जात असेल, तर दोर वाचवत बसू नका.

घोडे एकामागे एक बांधून नेत असाल, तर मागच्याचा दोर पुढच्याच्या खोगिराला थेट कधीच बांधू नका. मध्ये बोटापेक्षा बारीक, साधारण ६ मिलिमीटरच्या सुती किंवा काथ्याच्या दोराचा फास ठेवा, जो जोराच्या झटक्याला तुटेल. एक घोडा कड्यावरून घसरला तर बाकीचे त्याच्याबरोबर जाऊ नयेत, एवढ्याचसाठी तो असतो. बारीक नायलॉनचा दोर तिथे चालत नाही, तो तुटत नाही.

संध्याकाळी पाठ वाचा

खोगीर उतरवल्यावर लगेच पाठ पुसू नका. आधी घामाचा ठसा बघा. गादीखालची जागा दोन्ही बाजूंना सारखी ओली दिसायला हवी. ओल्या भागाच्या मध्ये वाटीएवढा कोरडा डाग असेल, तर तिथे दाब इतका आहे की घामही सुटला नाही. तो डाग रोज त्याच जागी दिसला, तर खोगिराची फळी तिथे टेकतेय. केस उलटे फिरलेले दिसले, तर खोगीर तिथे सरकतंय, आणि कुठल्या दिशेने ते केसांच्या दिशेवरूनच कळतं. मग तळहाताने पाठ चाचपा. सूज, गरम जागा, दाबल्यावर दचकणं असेल तर दुसऱ्या दिवशी त्या घोड्याला मोकळं चालवा, सामान बाकीच्यांवर वाटा किंवा मुक्काम वाढवा. जुन्या दाबाच्या जागी पुढे पांढरे केस येतात. विकत घ्यायच्या घोड्याच्या पाठीवर ते दिसले, तर आधीच्या खोगिराची चौकशी करा.

पहिल्या फेरीआधी घरीच सराव करा. दोन पेट्यांत वाळूच्या पिशव्या भरा, तोला, शांत घोड्यावर चढवा आणि तासभर मोकळ्या जागेत, चढ-उतार असेल तिथे चालवा. मग मुद्दाम एका बाजूची दोन किलो वाळू काढून पुन्हा तेवढंच चाला आणि खोगीर किती आणि किती वेळात सरकतं ते मोजून लिहून ठेवा. त्यानंतर वजन सारखं करून एका पेटीचं सामान बाहेरच्या बाजूला सरकवा आणि तेच करा. तुमच्या घोड्यावर, तुमच्या खोगिरावर दोन किलो म्हणजे किती बोटं, हे आकड्यात तुमच्याकडे असेल. मग डोंगरात ओझं कललेलं दिसलं की हात तंगाकडे जाण्याआधी काट्याकडे जाईल.